परतीचा दरवाजा



प्रवासास निघालेल्या मनुष्यानें ‘जातो’ म्हटलें तर घरांतील वडील माणसें त्यास लगेच टोंकतात, ‘येतो म्हण.’ ह्या साध्या रीतींत मोठें शहाणपण आहे. निघतांनाच परतीचा विचार मनांत असावा, हें तींत सुचविलेलें आहे. परदेशीं जाण्यापूर्वी पारपत्र आणि लस ह्या दोन गोष्टींची तपासणी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय. त्याविषयीं मला जें सांगावयाचें आहे तें सारें ‘येतो’ ह्या एका शब्दांत सामावलेलें आहे. आणि तें मी पुस्तकांतून शिकलेलों नाहीं.

२०१८ सालीं माझ्या मुलानें आम्हां उभयतांस केनियांतील नैरोबीस बोलाविलें. तो तेथें नोकरीनिमित्त होता. नातीचें तोंड आम्हीं अद्याप पाहिलें नव्हतें. तीन आठवडे राहावयाचें ठरलें. छत्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेला मी मास्तर. पारपत्रांची तपासणीहि मीं त्याच बाण्यानें केली. मुदत संपावयास अवकाश आहे एवढ्यानें भागत नाहीं. केनियासारखीं पुष्कळ राष्ट्रें आपल्या देशांत पाऊल टाकल्यापासून निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. दहा वर्षांचें पारपत्र प्रवासाच्या दृष्टीनें साडेनऊ वर्षांचेंच समजावें तें ह्यामुळें. लहान मुलांचें पारपत्र तर पांचच वर्षांचें असतें. आईबापांचें चालू आहे म्हणून मुलाचेंहि असेल असें गृहीत धरूं नये. शिक्क्यासाठीं कोरीं पानें हवींत. तिकिटावरील नांव पारपत्रावरील नांवाशीं अक्षरशः जुळावें. विवाहानंतर नांव बदललेल्या स्त्रियांनीं हें विशेष पाहावें. आमच्या घरीं पत्नीच्या पारपत्राची चारच महिने मुदत उरली होती. तें मीं वेळेवर नवें करून घेतलें आणि स्वतःवर खूष झालों.

लस मात्र मीं शेवटीं ठेविली. पीतज्वराची सुई टोंचून घेतली ती निघण्याच्या तीन दिवस आधीं. त्या लशीच्या पिवळ्या पुस्तिकेंत दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य होतो, हें मला ठाऊक होतें. परंतु परतावयाचें तीन आठवड्यांनीं. तोंपर्यंत दहा दिवस केव्हांच उलटतील, असा माझा हिशेब होता. जातांना मला कोणीं अडविलें नाहीं. गणित बरोबर होतें, श्रोतेहो. फक्त आयुष्य गणिताप्रमाणें चालत नाहीं, एवढें मी विसरलों.

नैरोबीस पोंचल्यावर तिसऱ्याच दिवशीं साताऱ्याहून भाच्याचा दूरध्वनि आला. माझी थोरली बहीण अत्यवस्थ होती. आमची आई लवकर गेली. मला वाढविलें तें आक्कानेंच. पत्नीस मुलाकडे ठेवून मी मिळेल त्या विमानानें मुंबईस उतरलों. आरोग्य-तपासणीच्या मेजावरील तरुण अधिकाऱ्यानें माझी पुस्तिका पाहिली, बोटांवर दिवस मोजले आणि हळूच म्हणाला, “काका, आज सातवाच दिवस आहे.” मीं सारी हकीकत सांगितली. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली. “मला वाईट वाटतें, काका, पण मुदत भरल्याखेरीज मला आपणांस सोडतां येत नाहीं.” आणि तीन दिवसांकरितां माझी रवानगी जाळ्या लावलेल्या विलगीकरणाच्या खोलींत झाली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाचा दूरध्वनीवर म्हणाला, “मामा, आई गेली. तुमच्यासाठीं थांबूं का?” मीं ‘थांबूं नका’ म्हटलें. दुसरें काय म्हणणार?

पहिल्या दिवशीं मला त्या अधिकाऱ्याचा राग आला होता. तेथील वैद्यांनीं मला नियमाचें कारण समजावून सांगितलें, आणि मग तो राग जेथें असावयास हवा होता तेथें, म्हणजे माझ्याकडे, वळला. पीतज्वर हा आफ्रिका व दक्षिण अमेरिका ह्या खंडांतील कांहीं देशांचा रोग. तो डांसांमुळें पसरतो, हा तर्क हवाना येथील कार्लोस फिन्ले ह्यांनीं १८८१ सालीं मांडला. १९०० सालीं वॉल्टर रीड ह्यांच्या मंडळानें तो क्यूबांत प्रयोगानें सिद्ध केला. मॅक्स थायलर ह्यांनीं १९३७ च्या सुमारास लस सिद्ध केली व तिजबद्दल त्यांस १९५१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हा रोग हिंदुस्थानांत नाहीं. परंतु तो पसरविणारा डांस आपल्या घरोघरच्या पिंपांत व फुलदाण्यांत आहे. डेंग्यू पसरविणारा डांस तो हाच. उणीव आहे ती फक्त बाधा घेऊन येणाऱ्या एका मनुष्याची. ही बाधा अंगांत भिनून ताप दिसूं लागावयास सहा दिवसांपर्यंत लागतात. म्हणून दाखला नसलेल्यास जास्तींत जास्त सहा दिवस, किंवा दाखला त्याआधीं ग्राह्य होत असेल तर तोंपर्यंत, अलग ठेवितात.

ह्यांत अपमान मानण्याजोगें कांहीं नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला तेव्हां इतर देश मुंबईच्या जहाजांकडे संशयानें पाहूं लागले. १८९७ सालीं व्हेनिस येथें भरलेल्या राष्ट्रांच्या परिषदेनें ह्या प्लेगाचाच विचार केला. त्याच वर्षीं १० जानेवारीस मुंबईंत हाफकिन ह्यांनीं आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. तेव्हां दारावर अडविले जाणारे आपण होतों. आज दार राखणारेहि आपणच आहों.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. तपासणी तीन दरवाजांची करावी: ज्या देशांत जावयाचें त्याचा, वाटेंत जेथें विमान बदलावयाचें त्याचा, आणि आपल्या स्वतःच्या घराचा. पहिला सारे पाहतात, दुसरा थोडे पाहतात, तिसरा कोणीच पाहत नाहीं. पीतज्वराच्या देशांतून केवळ विमान बदलून आलेल्यासहि दाखला विचारतात. विमानतळाबाहेर न पडलेल्यास सूट मिळूं शकते, पण ती आरोग्य-अधिकाऱ्याच्या संमतीनें. ही लस केंद्र सरकारनें नेमलेल्या केंद्रांतच घ्यावी. इतर ठिकाणचा दाखला चालत नाहीं. केंद्रांत आधीं दिवस ठरवून जावें लागतें, म्हणून निदान महिनाभर आधीं चौकशी करावी. ही जिवंत विषाणूंची लस आहे. साठी उलटलेल्यांनीं प्रथमच घ्यावयाची असल्यास, तसेंच गर्भवती स्त्रियांनीं व अंड्यांची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनीं आधीं आपल्या वैद्यांचा सल्ला घ्यावा. हज यात्रेस जाणाऱ्यांस मेनिंजायटिसची लसहि निदान दहा दिवस आधीं घ्यावी लागते.

शेजाऱ्याच्या जुन्या अनुभवावर मात्र विसंबूं नये, कारण नियम बदलतात. एके काळीं देवीच्या लशीचा दाखला सर्वत्र मागत. १९८० सालीं देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें आणि तो कागद इतिहासजमा झाला. पीतज्वराचा दाखला पूर्वी दर दहा वर्षांनीं नवा करावा लागे. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. म्हणून त्या त्या देशाच्या वकिलातीकडे आणि आपल्या सरकारकडे स्वतः चौकशी करावी: एकदां तिकीट काढण्यापूर्वी, आणि पुन्हां निघण्यापूर्वी.

माझी पिवळी पुस्तिका अजून पारपत्राच्या वेष्टनांतच असते. ती आतां आयुष्यभर ग्राह्य आहे. मला ती तीन दिवस आधीं हवी होती. मीं सुई आठवडाभर आधीं टोंचून घेतली असती, तर आक्काच्या उशाशीं पोंचलों असतों. आपल्यापैकीं जे कोणी परदेशीं निघाले असतील, त्यांनीं उंबरठा ओलांडतांना ‘येतो’ अवश्य म्हणावें. पण तो शब्द कोणत्याहि दिवशीं खरा करतां येईल, अशी तजवीज आधींच करून ठेवावी.