गोठ्याचा हिशेब
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो,

मायबहिणींनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटले. समोर पाहतो तर बाया बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. आजचा विषय गुराढोरांचा. शेण काढणारी, पाणी पाजणारी, धार काढणारी आणि वासरू आज उदास आहे हे घरात सर्वांच्या आधी ओळखणारी घरीच राहिली आणि सभेला आलो आपण, ज्यांना गोठ्यातली गाय नेमकी किती महिन्यांची गाभण आहे हेही तिलाच विचारावे लागते. तेव्हा इथे ऐकाल ते घरी जाऊन सांगा. ते तुमच्यापेक्षा तिच्या जास्त उपयोगाचे आहे.

कापसाचा उत्पादनखर्च काढायला आपण शिकलो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, सगळे मांडतो. पण गोठ्याचा हिशेब अजून कोणी मांडत नाही. बैलजोडी किती वर्षे चालली, तिने किती एकर नांगरले, वखरले, डवरले, मोठे जनावर दिवसाला दहा-बारा किलो शेण देते त्याचे वर्षाचे खत किती गाड्या झाले, हे कुठेच लिहिलेले नसते. मग जनावर मेले की आपण म्हणतो, नशीब! कापसावर बोंडअळी आली तर नशीब म्हणून बसत नाही, सरकारला जाब विचारतो. जनावर मेले की मात्र कपाळाला हात लावून गप्प. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात जमिनीखालोखाल मोठे भांडवल कोणते असेल तर ते बैलजोडी. जोडीतला एक बैल गेला तर अर्धे भांडवल गेले असे होत नाही. उरलेल्या एकट्याला ना जू लागते, ना तो वखराला चालतो. पेरणीच्या तोंडावर असे झाले की दुसऱ्याच्या दारात भाड्याने जोडी मागायची, नाहीतर सावकाराच्या.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. खरिपाची ज्वारी कापून झाली होती. परतीचा पाऊस पडला आणि खुंटांना हिरवेगार फुटवे आले. कडबा अजून शेतात पेंढ्या बांधून उभा होता, बैल दिवसभराचे जुंपलेले, भुकेले. गड्याने जू उतरवले आणि दोघांना त्या वावरात सोडले. अर्धा-पाऊण तास गेला असेल नसेल. एक बैल थरथरायला लागला, तोंडाला फेस, धापा टाकायला लागला, डोळ्याची आतली कातडी लालभडक. लोक म्हणाले पान लागले, म्हणजे साप चावला. कोणी मंत्र टाकणाऱ्याला बोलवायला धावले, कोणी गावात सुई मारत फिरणाऱ्या एकाला घेऊन आले. त्याने कसले तरी इंजेक्शन दिले आणि पैसे घेतले. डॉक्टर येईपर्यंत बैल गेला होता. पान लागले नव्हते. त्याला ज्वारी लागली होती.

भावांनो, आपण ज्वारी पिकवणारे लोक. आपल्याला हे माहीत नसावे याची लाज मला त्या दिवशी वाटली. कोवळ्या ज्वारीत एक विषारी द्रव्याचा साठा असतो. जनावराने ती चावली, पोटात गेली की त्यातून सायनाइडचे विष सुटते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लालभडक दिसते आणि जनावर गुदमरून मरते. ज्वारी जितकी कोवळी तितके विष जास्त. पाऊस ताणला, पीक खुरटले, सुकले की आणखी वाढते. कापणीनंतर खुंटाला आलेला फुटवा तर सर्वांत वाईट. युरिया भरपूर पडलेल्या वावरात धोका अधिक. पीक फुलोऱ्यावर आले की विष उतरत जाते. कापून चांगला वाळवलेला कडबा खायला हरकत नाही. म्हणून फुलोऱ्याच्या आत हिरवी ज्वारी जनावराला घालायची नाही आणि फुटव्याच्या वावरात भुकेले जनावर सोडायचे नाही. यात एक पैसा खर्च नाही.

यावर औषध नाही असे नाही. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही दोन औषधे शिरेतून लगेच गेली तर जनावर उठून उभे राहते. पण लगेच म्हणजे लगेच. म्हणून प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने सप्टेंबरातच आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारावे, ही औषधे तुमच्या कपाटात आहेत का? नसतील तर लेखी मागावीत. जनावर तडफडायला लागल्यावर विचारून काय उपयोग?

आता कापसाकडे या. आपल्या गोठ्यात कापूस दोन वाटांनी येतो, ढेपेच्या आणि फवाऱ्याच्या. सरकीची ढेप मोठ्या जनावराला चांगली. वाळल्या कडब्यात जे प्रथिन नसते ते ढेपेत असते. पण सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणारे मोठे जनावर ते पचवते, लहान वासराला ते बाधते. म्हणून वासराच्या पुढ्यात सरकी नको. बुरशी आलेली ढेप तर कोणालाच नको, फुकट मिळाली तरी.

फवाऱ्याचे काय सांगू? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. जनावरांची गणती कोणी केली नाही. फवारणीचा पंप आपण कुठे धुतो? विहिरीजवळच्या त्याच हौदावर, जिथे संध्याकाळी बैल पाणी पितात. फवारलेल्या वावराच्या बांधावरचे गवत कापून आणतो. आणि सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे कपाशीवरचे उरलेले औषध गोचीड मारायला बैलाच्या अंगाला चोळतो. अंगावर जखम असते, जनावर अंग चाटते, आणि मग लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंग कापते. असे दिसले तर आधी अंग साबणाच्या पाण्याने धुवा, डॉक्टरला बोलवा आणि औषधाची बाटली त्याला दाखवा. ती लपवू नका. लाजेपायी बाटली लपवली म्हणून चुकीचा उपचार झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

गोचिडाचे म्हणाल तर जनावराच्या अंगावर दिसते ती फौजेची एक तुकडी. बाकीची फौज भिंतीच्या भेगांत आणि गव्हाणीच्या सांदीत असते. मादी अंगावरून गळून पडते आणि भेगेत जाऊन हजारांनी अंडी घालते. म्हणून जनावरासाठीचे औषध, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने, जनावराला आणि गोठ्याला एकाच दिवशी, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. भेगा शेणामातीने लिंपून घ्या. हे काम आपल्या आजीला ठाऊक होते, आपणच विसरलो.

लसीचे थोडक्यात सांगतो, कारण ऐकलेले सर्वांनी आहे, केलेले थोड्यांनी. घटसर्प आणि फऱ्या हे पावसाळ्याचे रोग. घटसर्पात घसा सुजतो, घरघर लागते, ताप एकशे सहावर जातो. फऱ्यात तरणे, धष्टपुष्ट गोऱ्हेच जातात. फऱ्याची सूज दाबली की करकर वाजते. दोन्ही रोग इतके झटपट नेतात की औषधाला वेळ मिळत नाही. लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून लस मेमध्येच घ्यायची, पहिला पाऊस पडल्यावर नाही. लाळ्या-खुरकूताची लस वर्षातून दोनदा. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची पावसाळ्याआधी, पीपीआरची वेगळी. लस थंड ठेवावी लागते, दोन ते आठ अंशांत. टोचणारा भर उन्हात पिशवीतून बाटली काढायला लागला तर बर्फ कुठे आहे हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

एक रोग मात्र वेगळा सांगतो. धडधाकट जनावर अचानक मेले, नाका-गुदातून काळे, न गोठणारे रक्त आले, तर ते फाडायचे नाही, कातडे काढायचे नाही, मांस वाटायचे नाही. तो फाशी रोग असू शकतो आणि माणसालाही होतो. डॉक्टरला कळवा, खोल पुरा, चुना टाका. तसेच गाय गाभडली तर पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नका. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसाला महिनोन् महिने तापाने झिजवतात. हे काम घरातली बाईच करते, म्हणून मघाशी म्हटले, घरी जाऊन सांगा.

वासराबद्दल बोलायचे तर मला रागच येतो. गाय व्याली की शेजारीपाजारी खरवस वाटायचा आणि वासरू चिकावाचून बांधून ठेवायचे, ही आपली रीत. चीक हीच वासराची पहिली लस आहे. आईच्या अंगातली रोगाशी लढण्याची ताकद त्याला चिकातूनच मिळते आणि ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची शक्ती पहिल्या काही तासांत कमी होत जाते. म्हणून जन्मल्यापासून तासा-दोन तासांत पहिला चीक, आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. वीस किलोच्या वासराला दोन लिटर. वार पडायची वाट पाहत बसू नका. वासराचे भागले की खुशाल खरवस करा. आज जे गोऱ्हे चिकावाचून राहिले ते जगले तरी चार वर्षांनी जुवाखाली उभे राहणारा बैल होत नाही, आणि मग बाजारात जोडीचा भाव ऐकून आपण डोळे पांढरे करतो.

बैलाकडून आपण वर्षातले सर्वांत जड काम जूनमध्ये घेतो आणि सर्वांत कमी खायला एप्रिल-मेमध्ये घालतो. उन्हाळाभर वाळक्या धांड्यांवर ठेवलेला बैल मृगाच्या पावसावर एकदम तिफणीला. शिवाय नव्या हिरव्या चाऱ्याने पोट फुगते. डाव्या भकाळीवर हात ठेवला तर निरोगी जनावराचे पोट मिनिटाला एक-दोनदा हललेले कळते. ते थांबले, रवंथ बंद झाला, की समजा काही बिनसले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोणी-हळदीने शेकतो. मोठ्या प्रेमाने शेकतो, खोटे नाही. पण त्याच खांद्यावर वर्षभर खडबडीत, एका बाजूला कललेले जू ठेवतो. सुताराकडे जाऊन जू गुळगुळीत करून घ्यायला कितीसे पैसे पडतात?

चारा कुठून आणायचा, असे तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे आणि इथेच खरी मेख आहे. ज्वारीला भाव नाही म्हणून वावरातून ज्वारी गेली. सोयाबीन आले, कापूस वाढला. ज्वारी गेली तसा कडबा गेला. पऱ्हाटी चुलीत घालता येते, गव्हाणीत घालता येत नाही. धान्याचा भाव पाडणाऱ्याने आपला बैलही उपाशी मारला, हे धोरण ठरवणाऱ्यांच्या ध्यानातही नसेल. तोवर आहे तो कडबा कुट्टी करूनच घाला, म्हणजे धांडे गव्हाणीत उरत नाहीत. तुरीचे, हरभऱ्याचे कुटार पेटवू नका, कुट्टीत मिसळा. मिठाचा खडा आणि क्षारमिश्रण द्या. आणि पाणी! मोठ्या जनावराला दिवसाला तीस-चाळीस लिटर तरी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एकदाच सकाळी पाजून भागत नाही.

दुसरी मेख कायद्याची. गाईच्या कत्तलीला आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. बैल विकायची हौस कोणत्या शेतकऱ्याला असते? पण म्हाताऱ्या बैलाचे जे चार पैसे यायचे त्यात भर घालून तो तरणा बैल आणायचा. ती वाट बंद झाली. म्हातारा बैल पोसायचा खर्च कायदा करणाऱ्याने उचललेला नाही, तो तुमच्या-माझ्या कडब्यातून जातो. अशा वेळी रोगाने मरणारे प्रत्येक तरणे जनावर पूर्वीपेक्षा महाग पडते, हे लक्षात घ्या.

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा काय झाले? बाजार बंद, वाहतूक बंद, विकायची सोय नाही. सरकारने मेलेल्या जनावरांची मदत जाहीर केली, पण मदत कागद पाहून मिळते. वेळेवर कळवले नाही, पंचनामा झाला नाही, अशांचे हात रिकामे राहिले. म्हणून कानाला बिल्ला मारून घ्या, त्याचा आकडा वहीत लिहून ठेवा. लस कधी टोचली, कोणी टोचली, गाय कधी भरवली, जनावर कधी आजारी पडले, सगळे त्याच वहीत. फिरत्या दवाखान्याला बोलवायचा फोन १९६२ आहे. तो गोठ्याच्या दारावर कोळशाने लिहा. फोन केल्याची वेळ आणि गाडी आल्याची वेळ, दोन्ही वहीत टिपा.

ती वही पुढच्या बैठकीला घेऊन या. कोणत्या गावात मे महिन्यात लस पोचली नाही आणि कोणत्या दवाखान्यात ज्वारीच्या विषावरचे औषध नव्हते, याची यादी आपण गावागावांच्या वह्यांवरून करणार आहोत. जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज न्यायचा तो त्या यादीसह नेऊ. आणि येताना घरच्या बाईला सोबत आणा. वही तिनेच लिहिलेली असणार.