कुरळ्या केसांचं काय बिघडलंय?

(तरुण मुलामुलींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘आयटीतल्या नोकऱ्यांवर बोलाल का?’ मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी केसांवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘केसांवर? म्हणजे... हिजाबवर?’ नाही हो, केसांवर. डोक्यावर उगवतात ते. इथं बसलेल्यांपैकी निदान दहाबारा जणींचे केस माझ्यासारखे आहेत, हे मला इथून दिसतंय. चारपाच मुलांचेही आहेत, फक्त त्यांनी ते बारीक कापून टाकलेत.

तर झालं असं. दोन महिन्यांपूर्वी चिपळूणहून माझ्या आपाचा फोन आला. भाचीचा कान भाजला होता. आठवीतली मुलगी. शाळेत तिला ‘नूडल’ म्हणतात, कधी ‘झाडू’. पावसाळ्यात तर तिचे केस असे पिंजारतात की दोन वेण्या घातल्या तरी दुपारपर्यंत डोक्याभोवती कापूस. तर या बाईसाहेबांनी सकाळी अंघोळ केली, टेबलावर ओढणी अंथरली, त्यावर डोकं ठेवलं आणि कपड्यांची इस्त्री फिरवली. आपा म्हणाली, ‘तू पुण्याला असतेस, तिला घेऊन जा आणि पार्लरमधून एकदाचे सरळ करून आण. पैसे मी देते.’

मी नाही म्हटलं. आपाला वाटलं मी पैशांचं बघतेय.

नाही म्हणण्याचं कारण माझ्याच डोक्यावर होतं. मी चोवीस वर्षांची असताना मला एक रिश्ता आला. मुलाकडचे येणार म्हणून घरात फरशी, पडदे, सगळं चकाचक झालं, आणि मग अम्मीची नजर माझ्या केसांवर गेली. शहरातल्या एका पार्लरमध्ये सहा तास बसून मी रीबॉन्डिंग केलं. रिश्ता काही जुळला नाही, ते बरंच झालं. पण सहा महिन्यांत मुळाशी चार बोटं कुरळे केस आले आणि खाली सरळ, निर्जीव दोऱ्या लोंबत होत्या. ते झाकायला मी दुसरीकडे केरॅटिन केलं. त्या दिवशी डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, घसा खवखवला. जी मुलगी माझे केस दाबत होती तिचेही डोळे लाल होते. मी एकदाच बसले होते, ती रोज बसत असणार, खिडकी बंद, एसी चालू, तोंडाला साधा रुमालही नाही. वर्षभरात माझे केस मधूनच तुटायला लागले. शेवटी कानापर्यंत कापून टाकले. अम्मी दोन दिवस बोलली नाही.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे उशिरा का होईना प्रश्न पडला की माझ्या डोक्यावर त्यांनी नक्की केलं काय? तेव्हा वाचायला लागले.

केस म्हणजे केरॅटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन प्रकारे धरून असतात. एक पक्के बंध, गंधकाचे. दुसरे कच्चे, हायड्रोजनचे, जे पाणी लागलं की सुटतात आणि वाळलं की पुन्हा बांधले जातात. रात्री ओल्या केसांनी झोपलात तर सकाळी केस उशीच्या आकाराचे होतात, ते या कच्च्या बंधांमुळे. साधी इस्त्री, ड्रायर हेही त्यांच्याशीच खेळतात, म्हणून पाण्याचा थेंब लागला की सगळं पूर्ववत. रीबॉन्डिंगमध्ये रसायनानं गंधकाचे पक्के बंध तोडतात, केस ताणून सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनानं बंध नव्यानं जोडतात. तो केस मग कायमचा सरळ. पण केस कुरळा होतो तो टाळूच्या आत, मुळाच्या पिशवीच्या आकारामुळे. ती पिशवी वाकडी असेल तर केस वाकडाच बाहेर येणार. टाळूवर कुठलंही तेल चोळा, कितीही मालिश करा, त्या पिशवीला पत्ता लागत नाही. म्हणजे सरळ करणं हा एकदाचा खर्च नाहीच. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, आणि तितक्या वेगानं हप्ता चालू राहतो.

केरॅटिन ट्रीटमेंटचं नाव तर मोठं फसवं आहे. वाटतं की केसांना प्रथिन पाजताहेत. यातल्या अनेक प्रकारांत काम करतं ते फॉर्माल्डिहाइड, किंवा तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सोडणारं काहीतरी. हेच प्रयोगशाळेत मृत प्राणी टिकवायला वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. त्यावर बोंबाबोंब झाल्यावर ‘फॉर्माल्डिहाइड फ्री’ बाटल्या आल्या, त्यांतल्या काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीची नोंद छापून आली. तिनं तीन वेळा असं स्ट्रेटनिंग केलं आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. पण बाटलीमागचं बारीक अक्षर वाचायला सांगतेय, आणि ते दाखवत नसतील तर खुर्चीतून उठायला सांगतेय.

माझ्या भाचीनं केलं ते याहून साधं, पण तितकंच वाईट. केस ओले होते. ओल्या केसावर इतकी गरम वस्तू ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात अक्षरशः बुडबुडे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो केस जाळीदार पावासारखा दिसतो. मग त्या जागी तुटतो.

आता पिंजारण्याचं बघू. टाळूतून तेल सुटतं ते सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसाला इतकी वळणं असतात की ते अर्ध्या वाटेतच राहतं. म्हणून आपली टाळू तेलकट आणि टोकं कोरडी. कोरड्या केसाचे बाहेरचे खवले उघडे पडतात. हवेतली वाफ आत शिरते, कच्चे बंध जागोजागी सुटतात आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेनं फुगतो. चिपळूणच्या जुलैमध्ये हे होणारच. म्हणजे केसांची वळणं हा बिघाड नाही. बिघाड असेल तर पाण्याच्या व्यवहारात आहे, आणि तो हातानं सुधारता येतो.

भाची मे महिन्यात माझ्याकडे आली तेव्हा आम्ही एक नियम केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन आठवडे थांबायचं. कामावर प्रोग्रॅममधली चूक शोधताना आम्ही हेच करतो. एकदम दहा गोष्टी बदलल्या तर कशानं बरं झालं आणि कशानं बिघडलं ते कळतच नाही.

सगळ्यात आधी कंगवा बदलला. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घालायचा नाही, कधीच नाही. एकमेकांना धरून बसलेल्या बटा त्यानं सुट्या होतात, तोच कापूस. केस धुताना, कंडिशनर लावलेले असताना, मोठ्या दातांच्या कंगव्यानं किंवा नुसत्या बोटांनी गुंता सोडवायचा, आणि तो टोकाकडून वर. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून घाई नाही. भाचीला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. दोनदा रडली, एकदा मला शिव्या दिल्या. आता दहा मिनिटं लागतात.

मग धुणं. ती रोज अंगाच्या साबणानं केस धूत होती. केसाला किंचित आम्लता मानवते, साबण अल्कधर्मी असतो, त्यानं खवले उघडतात. आठवड्यातून एकदोनदा सौम्य शाम्पू, तोही फक्त टाळूला. फेस खाली ओघळतो तेवढा केसांना पुरतो. पुण्यात आणखी एक भानगड आहे, बोअर आणि टँकरचं पाणी. बादलीला पांढरा थर बसतो ना, तोच केसांवर बसतो. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या, किंवा महिन्यातून एकदोनदा लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता आणि नंतर साध्या पाण्यानं धुवा. चिपळूणला हा त्रास नव्हता, म्हणून मला वाटायचं पुण्याची हवाच वाईट.

टॉवेलनं खसाखसा पुसणं बंद. जुना सुती टी-शर्ट घ्यायचा, केस मुठीत धरून खालून वर दाबायचे, पिळायचे नाहीत.

आणि आता जवस. चटणीचंच, दुसरं कुठलं नाही. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचं, सारखं ढवळत. सातआठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत होतं. गरम असतानाच पातळ मलमलीतून गाळायचं. थांबलात तर ते गाळलंच जात नाही, मी पहिल्यांदा पातेलंभर चिकट जवस घेऊन रडकुंडीला आले होते. गार झालं की बाटलीत भरून फ्रिजमध्ये, आठवडाभर टिकतं. वास बदलला की फेकून द्या. केसांतून पाणी ठिबकत असतानाच हे लावायचं आणि बटा मुठीत दाबायच्या. मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतात, घाबरू नका, हातानं चुरगळा, कडकपणा जातो आणि वळणं राहतात. कोकणात अंगणातल्या जास्वंदीची पानं पाण्यात चुरून नानी लावायची, त्याचा बुळबुळीतपणाही गुंता सोडवायला छान. नानीला विचारलं असतं तर माझे पुष्कळ पैसे वाचले असते.

तेलाबद्दल घरोघरी भांडणं होतात म्हणून सांगते. २००३ साली मुंबईच्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली. केसातलं प्रथिन धुपण्यापासून ठळकपणे वाचवलं ते फक्त खोबरेलानं, कारण ते आत शिरतं. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलंच होतं, हे लक्षात ठेवून वाचा. पण नानीचाही अनुभव तोच. तेल धुण्याआधी दोनतीन तास, लांबीला, थोडंसं. कोंडा असेल तर टाळूला नको. कोंड्यामागची बुरशी तेलावरच जगते.

‘नैसर्गिक’ या शब्दावर मात्र आंधळा विश्वास नको. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, मुलतानी माती हे सगळं नैसर्गिक आहे, आणि कोरडे केस आणखी कोरडे करतं. आपल्या घरात मेहंदी तर हवीच. शुद्ध मेहंदीचा रंग केसाला धरून बसतो, पण काही जणींच्या बटा त्यानं सैल पडतात, कोरड्या होतात. आणि ‘काळी मेहंदी’ म्हणून जी पुडी मिळते तिच्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्यानं चेहरा सुजलेल्या बायका मी ईदच्या आदल्या रात्री पाहिल्यात. मेहंदी काळा रंग देत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

स्कार्फ बांधणाऱ्यांसाठी. वुजूत मसह करताना ओला हात फिरतो, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते अंघोळीनंतर पाणी गळत्या केसांचा घट्ट अंबाडा घालून वर स्कार्फ बांधला की. ओला केस ताणात राहतो, टाळू दिवसभर दमट. कपाळाजवळ, कानशिलापाशी केस विरळ होत चालले असतील तर अंबाडा ढिला करा, त्याची जागा बदलत राहा. रोजच्या ओढीनं केस जातात, फार वर्षं गेली तर परत येत नाहीत. घट्ट वेण्या घालणाऱ्या शाळकरी मुलींचंही तेच. आतली टोपी सॅटिनची शिवून घ्या, सुती कापड केसातला ओलावा शोषतं आणि घासतं. माझी टोपी जुन्या ड्रेसच्या अस्तराची आहे.

आणि मुलग्यांनो, तुम्ही हसताय, पण हे सगळं तुम्हालाही लागू आहे. तुमचे केस वाढले की ‘टपोरी’ म्हणतात, एवढाच फरक. अमेरिकेत केसांच्या पोतावरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा करावा लागला, पहिला कॅलिफोर्नियानं २०१९ साली केला. तिथल्या काळ्या लोकांनी त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्रास काढलाय. आपली गोष्ट त्यांच्याइतकी जड नाही. पण मुलीला बघायला आलेल्या बाईनं ‘केस असेच आहेत का?’ विचारल्यावर तिच्या आईनं खाली बघायचं, हे मी माझ्या घरात पाहिलंय.

भाचीच्या कानाचा डाग पुसट झालाय. इस्त्री लागलेले केस तुटतच राहिले, ते आम्ही जूनमध्ये खांद्यापर्यंत कापले. ‘नूडल’ अजून म्हणतात. गेल्या आठवड्यात तिचा व्हिडिओ कॉल आला, केस मोकळे, बाहेर धो धो पाऊस. म्हणाली, ‘खाला, जवस संपलं, अम्मी म्हणते चटणीचं घेऊ नको.’ आपा मागून ओरडत होती की चटणीचंच चाललंय, डबा रिकामा आहे.

मी दोन बाटल्या करून आणल्यात, मागच्या टेबलावर आहेत. आज लावून बघायचं असेल तर आधी केस भिजवून या. नळ बाहेर डावीकडे आहे.