शीड आणि वारा

वर्धा जिल्ह्यांतील अल्लीपूरच्या एका निवृत्त शाळामास्तरानें समुद्रावरील शिडांविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु वाऱ्याचा विचार आमच्या शेतकऱ्यासही चुकत नाहीं. धान्य उफणतांना तो वाऱ्याची दिशा पाहून उभा राहतो, आणि वारा पडला तर थांबतो. नावाड्याची अडचण मोठी. पुष्कळदां वारा येतो तिकडेच त्यास जावयाचें असतें.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांतील चित्रांत एक जहाज आहे. त्याचीं शिडें चौकोनी आहेत. त्याच नमुन्यावरून बांधलेली, शिवलेल्या फळ्यांची ‘कौंडिण्य’ नौका २०२५ च्या मे महिन्यांत कारवार येथें नौदलांत दाखल झाली. वारा पाठीशीं असतां असें शीड उत्तम ओढतें. पण वारा पुढून येऊं लागला कीं त्याचें बळ सरतें.

कोकणच्या मचव्याचें शीड निराळें. डोलकाठीवर तिरपी लांब काठी, म्हणजे परबाण, चढवून तिला तें बांधतात. पुढून येणाऱ्या वाऱ्यांतही मचवा तिरपीं वळणें घेत पुढें सरकतो. मात्र बाजू बदलतांना तें अवजड परबाण डोलकाठीच्या पलीकडे फिरवावें लागतें. सोसाट्याच्या वाऱ्यांत हें काम जिवावरचें. त्यास अनेक हात लागतात.

कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. त्यांच्या आरमारांत दोन्ही तऱ्हा नांदत होत्या. गुराबेवर चौकोनी शिडें आणि जड तोफा असत. चपळ गलबतास मोठें त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्हीं. वारा पडला म्हणजे गलबतेंच गुराबेस दोरानें ओढून नेत.

हल्लींच्या नौकांवर उंच त्रिकोणी शिडाची एक कड थेट डोलकाठीसच लागलेली असते. सुकाणू वळवितांच शीड आपोआप दुसऱ्या बाजूस जातें. म्हणूनच थोड्या हातांनीं, प्रसंगीं एकट्यासही, अशी नौका चालवितां येते. गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’वर कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली.

तर मग जुनें शीड टाकाऊ काय? मुळींच नाहीं. त्याचें परबाण साध्या लांकडाचें, गांवच्या सुतारास दुरुस्त करतां येणारें असे. आज कोळ्यांच्या होड्यांवर यंत्रें आलीं, आणि परबाण फिरविणारे तांडेल विरळ झाले. ही विद्या पुस्तकांत थोडी आणि हातांत फार. किनाऱ्यावरील शिक्षकांनीं, ते हात आहेत तोंवर, ती विचारून लिहून ठेवावी, एवढीच विनंती.