पेशीतली दरड



पावसात दरड कोसळली की आंबेनळी घाट बंद. रस्ता जागेवर असतो, गाडी जात नाही. मूत्रपिंडाच्या कर्करोगात कधीकधी असंच होतं. व्हीएचएल हे जनुक पेशीला आवर घालतं. काही गाठींत ते शाबूत असतं, पण त्यावर मिथाइलचे रासायनिक ठिपके बसून ते मुकं होतं. १९९४ साली हे दिसून आलं. आवर सुटला की गाठ नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. पेशी फुप्फुसांत, हाडांत पोचतात.

दरड उपसता येते, तसे हे ठिपकेही काढता येतात. रक्ताच्या काही कर्करोगांत अशी औषधं देतात. मूत्रपिंडासाठी अजून नाहीत. तोवर एवढं करा. लघवीतून रक्त गेलं, दुखत नसलं तरी, ‘उष्णता झाली’ म्हणत सब्जा पीत बसू नका. सोनोग्राफी करून घ्या.