'करमणूक' : आठवड्याच्या हप्त्याची कादंबरी



मी एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या वसाहतीलगत राहतो. दोन वर्षांमागे एका पावसाळ्यात शेजारच्या आयाबायांना दर शनिवारी एक कादंबरी वाचून दाखवायचं ठरवलं. एका वेळी एकच प्रकरण. चौथ्या शनिवारी मी पुस्तक मिटलं, तर एक आजी म्हणाल्या, "मास्तर, आता आठ दिस झोप यायची नाही मला. त्या पोरीचं पुढं काय होतं, तेवढं सांगा ना मंग!" मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हरिभाऊ आपट्यांशी बेइमानी झाली असती.

ती कादंबरी 'पण लक्षात कोण घेतो!'. आज ती जाडजूड पुस्तकाच्या रूपात मिळते. पण जन्मली ती साप्ताहिकाच्या पानांवर, हप्त्याहप्त्याने.

हरि नारायण आपटे 1864 साली खानदेशातल्या पारोळ्याला जन्मले. कॉलेजात गणिताने दगा दिला, पदवी राहून गेली. 1885 मध्ये 'पुणेवैभव' साप्ताहिकातून त्यांची 'मधली स्थिती' येऊ लागली. तिला आधार होता रेनल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचा. लंडनमध्ये अशी गोष्टींची साप्ताहिकं तेव्हा स्वस्तात मिळत. रेनल्ड्सने स्वतःचं काढलं होतं, डिकन्सनेही. 1890 मध्ये हरिभाऊंनी पुण्यात आपलं साप्ताहिक काढलं आणि नाव ठेवलं 'करमणूक'.

नाव कसं साळसूद आहे पाहा! पुण्यात त्या वेळी संमतिवयाच्या कायद्यावरून रण माजलं होतं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करणारा तो कायदा 1891 मध्ये झाला. 'केसरी' एकीकडे, 'सुधारक' दुसरीकडे. आणि 'करमणूक' काय करीत होतं? यमू नावाच्या मुलीला बोलू देत होतं. ती वाद घालत नाही. माहेर, सासर, नवरा, त्याचा मृत्यू, सारं आपल्या तोंडाने सांगते. ज्या घरी सुधारकांचं नाव काढायची सोय नव्हती, त्या घरीही गोष्टीचा अंक जायला अडचण नसावी, असं मला वाटतं.

विधवेचं केशवपन वाईट, हे निबंधात वाचणं वेगळं. जिला तुम्ही महिनोन्‌महिने दर आठवड्याला भेटत आलात, तिलाच धरून तिचे केस उतरवले जाताना वाचणं वेगळं. हे काम हप्त्याने केलं, असं माझं मत आहे.

हप्त्याची किंमतही हरिभाऊंनी मोजली. पान भरायचं म्हणजे भरायचं! म्हणून पाल्हाळ फार. 'आजच', 'मायेचा बाजार', 'कर्मयोग' या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. पण याच अंकांतून त्यांच्या स्फुट गोष्टी आल्या आणि मराठी लघुकथेला वाट मिळाली. केशवसुतांच्या कविताही इथे छापल्या गेल्या. 1917 मध्ये 'करमणूक' बंद झालं, 1919 मध्ये हरिभाऊ गेले.

शिक्षकमित्रांना एक सुचवतो. ही कादंबरी मुलांना एकदम वाचायला देऊ नका. आठवड्याला एक प्रकरण मोठ्याने वाचा आणि थांबा. मुलं तगादा लावतील, लावू द्या.

आमच्याकडे केशवपनाचं प्रकरण आलं, त्या शनिवारी कुणी 'पुढं काय' विचारलं नाही. बराच वेळ पावसाचाच आवाज. मग त्याच आजी म्हणाल्या, "आमच्यात केस नाही काढत, मास्तर. पण बांगड्या फोडल्या व्हत्या माझ्या, भर अंगणात." शेजारची म्हणाली, "माझ्याबी." 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ते मी त्यांना सांगितलं. आजींनी ते गाव कुठं आलं, ते दोनदा विचारून घेतलं. पुढच्या शनिवारी त्या आपल्या सुनेला बरोबर घेऊन आल्या, आणि मला म्हणाल्या, हिला पहिल्यापासून वाचून दाखवा.