नियम करणारांची जबाबदारी

पूर्वीं गांवांत सरकारी हुकूम आला म्हणजे तो चावडीवर वाचून दाखवीत आणि दवंडी पिटीत. दवंडी कानांवर आली नाहीं, ही सबब कोणी ऐकून घेत नसे. पण निदान ती पिटली गेलेली असे. आजचा हुकूम राजपत्रांत, म्हणजे सरकारी गॅझेटांत, प्रसिद्ध होतो. आणि गॅझेट उघडून वाचणारा गृहस्थ शहरांतही विरळाच.

हा हुकूम करतो कोण? कायदे विधिमंडळ करतें, असें शाळेंत शिकविलें जातें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. विधिमंडळ कायद्याचा सांगाडा उभा करतें, आणि शेवटीं एका कलमानें नियम करण्याचा अधिकार सरकारला देऊन मोकळें होतें. परवान्याची फी किती, अर्ज कोणत्या नमुन्यांत, कोणता माल कोठें विकावयाचा, हें सारें मग कचेरींत ठरतें. याला इलाज नाहीं. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी कशी असावी यावर शेंकडों सभासदांनीं दिवसभर वाद घालीत बसावें, असें कोणी म्हणणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ज्यांना कोणीं निवडून दिलेलें नाहीं अशांनीं केलेल्या नियमाचा जाब त्यांना कोणीं, आणि केव्हां, विचारावयाचा?

जयपूर संस्थानांतील एक प्रकरण या बाबतींत मोठें बोधप्रद आहे. महाराज अल्पवयीन असल्यामुळें कारभार कौन्सिलकडे होता. ११ डिसेंबर १९२३ रोजीं कौन्सिलनें ठराव करून अफूसंबंधीं कायदा मंजूर केला, आणि तो कागद दप्तरांत जाऊन बसला. तो कोठें छापला गेला नाहीं, कोणाला वाचून दाखविला गेला नाहीं. १९३८ सालीं त्याला एक कलम जोडण्यांत आलें कीं, हा कायदा १ सप्टेंबर १९२४ पासून अंमलांत आला असें समजावें. पुढें हरला नांवाच्या माणसास त्याच कायद्याखालीं पन्नास रुपये दंड झाला. रक्कम लहान खरी. पण तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९५१ चा तो निकाल न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं लिहिला. हे पूर्वीं नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. ज्या कायद्याची लोकांना खबरच नाहीं आणि शोध करूनही जी मिळण्याची सोय नाहीं, त्याखालीं शिक्षा करणें न्यायाच्या मूळ कल्पनेसच विरुद्ध आहे, असें त्यांनीं ठरविलें. चार भिंतींच्या आंत केलेला ठराव कायदा होऊं शकला नाहीं, आणि हरला सुटला.

मग गॅझेटांत छापलें म्हणजे भागलें काय? मुंबईच्या एका खटल्यांत याचें उत्तर 'होय' असें मिळालें. परदेशीं जाणारें सोनें हिंदुस्थानांतून नुसतें पुढें जावयाचें असलें तरी तें विमानाच्या मालाच्या यादींत नमूद झालें पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम २४ नोव्हेंबर १९६२ च्या गॅझेटांत आला. त्यानंतर तिसऱ्याच दिवशीं एक जर्मन प्रवासी झुरिचहून मनिलास जाण्यास निघाला. मुंबईस विमान थांबलें. तो खालीं उतरलाही नव्हता. अंगांतील जाकिटांत सुमारें ३४ किलो सोनें सांपडलें. हा मनुष्य भोळा होता असें कोणी समजूं नये. परंतु दिल्लीचें गॅझेट त्यानें झुरिचमध्यें वाचावें, ही अपेक्षाही जरा मोठीच. मुंबई हायकोर्टानें त्याला सोडलें. सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं बहुमतानें तो दोषी ठरविला. मात्र शिक्षा भोगून झाली होती तेवढीच पुरे केली.

याच्या उलट गोध्रा येथील आल्याचा खटला. तेथील एका व्यापाऱ्यानें १९६९ सालीं बाजार समितीच्या परवान्यावांचून आलें खरेदी केलें. आल्याचें नांव नियंत्रित मालाच्या यादींत घालणारी अधिसूचना गॅझेटांत आली होती. पण अशी अधिसूचना त्या भागांत खपणाऱ्या वर्तमानपत्रांत गुजरातींत छापावी, असेंही गुजरातच्या १९६३ च्या कायद्यांत होतें, आणि तें झालें नव्हतें. सरकारपक्षाच्या मतें ती बाब केवळ उपचाराची. न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड यांनीं १९७५ सालीं ती बंधनकारक ठरविली. शेतकरी व व्यापारी गॅझेट वाचीत नाहींत, आपल्या भाषेंतील वर्तमानपत्र वाचतात. हें ओळखूनच विधिमंडळानें तें वाक्य घातलें होतें. व्यापारी सुटला. एका वाक्यावर एवढा फरक पडला!

हें सारें नियम झाल्यानंतरचें. नियम होण्यापूर्वीं लोकांना विचारावें कीं नाहीं? १८९७ च्या 'जनरल क्लॉजेस ॲक्टा'चें २३ वें कलम सांगतें कीं, मूळ कायद्यांत पूर्वप्रसिद्धीची अट असेल तर मसुदा छापावा, मुदत द्यावी आणि आलेल्या हरकतींचा विचार करावा. अट नसेल तर कांहींच नाहीं. शिवाय त्याच कलमाच्या शेवटीं अशी तरतूद आहे कीं, नियम पूर्वप्रसिद्धीनंतर केला असें गॅझेटांत छापलें म्हणजे तो यथाविधि केल्याचा तो निर्णायक पुरावा. परीक्षार्थ्यानेंच आपल्या उत्तरपत्रिकेवर गुण मांडावेत, तशांतला हा प्रकार आहे.

संसदेची देखरेख नाहीं असें मात्र नाहीं. बहुतेक नियम दोन्ही सभागृहांपुढें तीस दिवस ठेवावे लागतात व सभागृहें ते बदलूं किंवा रद्द करूं शकतात. लोकसभेनें १९५३ सालीं यासाठीं समिती नेमली. तींत मंत्र्याला जागा नसते. पण तोंपर्यंत नियम लागू झालेला असतो, आणि रद्द झाला तरी मधल्या काळांत त्याखालीं केलेली कारवाई कायम राहते.

टेलिफोनचें बोलणें मध्येंच तुटल्यास कंपनीनें ग्राहकास एक रुपया द्यावा, दिवसांतून फार तर तीनदां, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें १ जानेवारी २०१६ पासून लागू केला. लोकांना तो आवडला. तथापि त्याच वर्षीं मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो मोडला. सारा दोष कंपनीचाच धरला होता, आणि हरकती मागवूनही त्यांना कारणांसह उत्तर दिलें नव्हतें. ग्राहकाचा रुपया गेला तो कचेरीच्या या हयगयीनें. अमेरिकेंत १९४६ पासून नियमाचा मसुदा आधीं प्रसिद्ध करून लोकमत घ्यावें लागतें व नियमामागील कारणें द्यावीं लागतात. तसा कायदा संसदेनें करावा, असें न्यायालयानें त्या निकालांत सुचविलें. तो अद्याप झालेला नाहीं. मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढें ठेवावे असें केंद्र सरकारनें २०१४ सालीं आपल्या खात्यांना कळविलें आहे. पण तें धोरण आहे, कायदा नव्हे.