रातांब्याच्या बिया



अन्नशास्त्राच्या पदवीधरांपुढे बोलण्याचा बहुमान आपण मला दिलात, तेव्हा आपल्या कोकणातील एका लहानशा मृदुफळाविषयी, किंबहुना त्या फळातून आपण जे टाकून देतो त्याविषयी बोलावे, असे मी योजिले आहे. वैशाखात रातांबे (कोकमाची फळे) पिकले की बायामाणसे ते फोडतात, साल मीठ घातलेल्या रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळवितात व तिची आमसुले करतात. बियांचा ढीग मात्र पुष्कळ ठिकाणी परसात तसाच पडून राहतो.

या वाळलेल्या बियांच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा स्निग्धांशाचा असतो. तो एरवी घट्ट राहतो आणि 40 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, कारण स्टिअरिक व ओलेइक या दोन आम्लांची त्याची घडण कोकोच्या लोण्याशी पुष्कळ जुळते. आपल्या आज्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर तरंगलेल्या तेलाचे गोळे वळीत आणि टाचांच्या भेगांवर लावीत. पुढे युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटासंबंधी जो निर्बंध केला, त्यात कोकोखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना शेकडा 5 पर्यंत मुभा मिळाली, त्यांत या कोकमतेलाची गणना झाली.

इतके मोल असलेल्या बियांचा कचरा होतो तो, माझ्या मते, केवळ दिरंगाईने. फळांचा हंगाम पावसाच्या तोंडाशी येतो. गराने ओल्या राहिलेल्या बिया आंबतात, त्यांना बुरशी चढते, ओलाव्यात स्निग्धांशाचे विघटन होऊन मुक्त आम्ल वाढते, आणि मग तेल शुद्ध करणारा कारखानदार एक तर भाव पाडतो, नाही तर माल परत धाडतो. भाव नाही म्हणून वाळविण्याची मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून बिया पुन्हा भिजतात.

सरबतासाठी अर्क काढून घेतल्यावर उरणाऱ्या सालीचीही अवस्था निराळी नाही. तिच्यात अँथोसायनिन वर्गाचे रक्तवर्ण रंगद्रव्य शिल्लक असते; ते आम्लात खुलते, पण उष्णता व प्रकाश यांत क्षीण होते. म्हणून ते तापविलेल्या मिठाईत घालण्याचा हट्ट करू नये. आंबट पेये आणि जेली हेच त्याचे योग्य क्षेत्र होय.

प्रयोगशाळेत या विद्येची वाण नाही. उणीव आहे ती पहिल्या सरीपूर्वीच्या थोड्या दिवसांत गावोगावी वाळवणयंत्र आणि कोठार यांची तजवीज करणाऱ्या माणसांची. येत्या वैशाखात तुमच्यापैकी काहींनी तरी वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडीकडच्या खळ्यांवर जावे, आणि रातांबे फोडणाऱ्या बायांना सालीबरोबर बियांचाही मोबदला त्याच दिवशी रोख चुकता होईल अशी व्यवस्था उभी करावी, अशी माझी तुम्हांस कळकळीची विनंती आहे.